न वापरलेल्या विजेचे मानकरी: श्री. स्थिर आकार यांना खुले पत्र

प्रति,
माननीय श्री. स्थिर आकार साहेब,
मुक्काम पोस्ट वीजबिल, ओळ पहिली

स. न. वि. वि.

सर्वप्रथम आपले मनःपूर्वक आभार मानतो. दर महिन्याला न चुकता घरी येणारे हल्ली कोणी उरलेले नाही. पाऊस दगा देतो, एसटी चुकते, पोरे सणालाही येतील याची खात्री नसते. आपण मात्र येता. कोकणात गावोगावी कुलूपबंद घरे आहेत. चाकरमानी गणपतीला येतात, शिमग्याला येतात आणि पालखी नाचवून मुंबईला परततात. बाकीचे महिने मीटरचा आकडा जागचा हलत नाही. अशा घराच्या दारातूनही आपण बिल आत सरकवता. एक दिवाही न लागलेल्या घराची इतकी आस्थेने चौकशी सख्खे भाऊबंदही करत नाहीत.

लहान माणसांवर तर आपला विशेष लोभ. २०२४-२५ मध्ये साध्या घरगुती जोडणीवर महिन्याला सव्वाशेहून थोडे अधिक रुपये आपल्या नावाने पडत होते. घर मोठे असो की लहान, आपली ओळ तीच. एकट्या राहणाऱ्या एखाद्या म्हातारीच्या खोलीत एक दिवा आणि एक पंखा असतो. दारिद्र्यरेषेखालच्या यादीत तिचे नाव लागलेले नसते. महिन्याला वीसेक युनिट जळतात. तिच्या बिलावर विजेच्या किमतीपेक्षा आपलाच आकडा मोठा असतो. चारशे युनिट वापरणाऱ्या बंगल्यात आपण कोपऱ्यात अंग चोरून बसता आणि म्हातारीच्या खोलीत ऐसपैस पाय पसरता. गरिबाघरी एवढा मोकळेपणा वाटायला मन मोठे लागते.

गैरसमज नको, महोदय. खांब, तारा, रोहित्र आणि वादळी रात्री खांबावर चढणारा वायरमन यांचा खर्च घरात दिवा लागो वा न लागो, होतोच. तो आम्ही द्यायलाच हवा. त्या वायरमनसाठी दोन रुपये जास्त द्यायलाही कोणी का-कू करणार नाही. पण आपले खरे बिऱ्हाड तिथे नाही.

आपला मोठा वाडा आहे वीजखरेदी करारात. तिथे आपल्याला क्षमता आकार म्हणतात आणि तिथला आपला थाट पाहण्यासारखा असतो. वीजकेंद्राला दोन वेगळ्या वाटांनी पैसे मिळतात. जळालेल्या कोळशाचे किंवा गॅसचे पैसे वीज घेतली तरच द्यायचे. केंद्र उभारायला काढलेले कर्ज, त्याचे व्याज, घसारा, देखभाल आणि मालकाचा परतावा यांचे पैसे मात्र वीज घ्या वा न घ्या, द्यायचेच. केंद्रीय वीज नियामक आयोगाच्या नियमांत वर्षभरात ८५ टक्के उपलब्धता दाखवली की हा दुसरा भाग पूर्ण पदरात पडतो. मालकाच्या भांडवलावरचा परतावाही आधीच ठरलेला असतो. २००९ पासूनची पंधरा वर्षे तो १५.५ टक्के होता. चाक फिरलेच पाहिजे अशी अट नाही. चाक फिरायला तयार आहे, असे कळवले की काम झाले.

लग्नात हजार पानांची ऑर्डर द्यावी, पंगतीला सहाशे माणसे बसावीत आणि आचाऱ्याला हजार पानांचे पैसे मोजावेत, तसा हा व्यवहार. आचाऱ्याचा त्यात दोष नाही, त्याने हजारांचा शिधा भरलेला असतो. पण लग्नघरी निदान ऑर्डर देणारा आणि पैसे मोजणारा एकच यजमान असतो. आपल्या पंगतीत ऑर्डर देणारे मंत्रालयात आणि कंपन्यांच्या मुख्यालयांत बसतात. पैसे मोजतात ते ज्यांना कोणी विचारलेच नाही, असे अडीच-तीन कोटी ग्राहक.

आपण जन्मतः अपराधी नाही, हेही मान्य करतो. १९९० च्या दशकात केंद्राच्या वीज महामंडळांसाठी दोन भागांचा दर आला. त्यामागे विचार चांगला होता. त्याआधी जास्त वीज ढकलली की जास्त पैसे मिळत, म्हणून गरज नसतानाही महागडे संच रेटून चालवले जात. स्थिर खर्च बाजूला काढला की ज्याचे इंधन स्वस्त त्याचा संच आधी चालवायचा, महागाचा थांबवायचा, हे शक्य होते. वीजवाल्यांच्या भाषेत हा गुणानुक्रम. त्यातून देशाचा कोळसा वाचतो. ठरलेले उत्पन्न नसेल, तर हजारो कोटींचे केंद्र उभारायला कोणी पैसे लावणार नाही, हेही खरे. साहेब, आपल्याला कामाला ठेवले तेव्हा आपण पहारेकरी होता. पुढे आपण मालक कसे झालात, त्याची हकिगत या पत्रात आहे.

महाराष्ट्रातल्या आपल्या दिग्विजयाची सुरुवात गुहागर तालुक्यातून झाली. अंजनवेल, वेलदूर ही समुद्राकाठची गावे. आंबा, मासळी आणि मुंबईहून येणारी मनीऑर्डर यांवर जगणारी. जून १९९२ मध्ये एन्रॉन कंपनीची माणसे मुंबईत आली आणि काही दिवसांतच राज्य वीज मंडळाने दाभोळ वीजप्रकल्पासाठी त्यांच्याशी सामंजस्य करार केला. निविदा नाही, स्पर्धा नाही. दोनेक हजार मेगावॉटचा सौदा एवढ्या झटपट झाला. आमच्याकडे मुलीचे स्थळ बघायलाही याहून जास्त वेळ घेतात. त्या घाईबद्दल आपण सर्वांचे आभारी असालच.

एप्रिल १९९३ मध्ये जागतिक बँकेने या प्रकल्पाला कर्ज नाकारले. आर्थिकदृष्ट्या तो परवडणारा नाही, असे बँकेचे म्हणणे होते. स्वस्त कोळशाची वीज बाजूला सारून महाग वीज घ्यावी लागेल, हा धोका तेव्हाच कागदावर आला होता. तरीही डिसेंबर १९९३ मध्ये खरेदी करार झाला. पैसे डॉलरशी बांधलेले. राज्याची हमी आणि त्यावर केंद्राची प्रतिहमी. पुण्याच्या ‘प्रयास’ गटातली तरुण अभियंत्यांची फळी आकडेमोड करून हेच सांगत होती की मंडळाला ही वीज झेपणार नाही. कामगार संघटना न्यायालयात गेल्या. गुहागरमधल्या बायाबापड्यांनी रस्त्यावर बसून लाठ्या खाल्ल्या, अटका सोसल्या. १९९९ मध्ये ‘ह्यूमन राइट्स वॉच’ने त्यावर स्वतंत्र अहवाल काढला. आणि भारतीयांना प्रकल्पाबद्दल ‘शिक्षित’ करण्यासाठी दोन कोटी डॉलर खर्च केल्याचे कंपनीच्या अधिकाऱ्याने १९९५ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सांगितले. एवढ्या खर्चिक शिक्षणाबद्दल आम्ही कायमचे ऋणी आहोत. जे शिकलो ते विसरलेलो नाही.

१९९५ मध्ये राज्यात काँग्रेसची सत्ता जाऊन शिवसेना-भाजपची आली. नव्या सरकारने ऑगस्टमध्ये करार रद्द केला. एन्रॉन अरबी समुद्रात बुडवण्याची भाषा निवडणुकीत झाली होती. काही महिन्यांतच त्याच सरकारने प्रकल्प आधीपेक्षा मोठा करून, २१८४ मेगावॉटचा, पुन्हा मान्य केला. मे १९९६ मध्ये दिल्लीत तेरा दिवस टिकलेल्या भाजप सरकारने जाता जाता प्रतिहमीवर शिक्कामोर्तब केले. साहेब, काँग्रेस आणि शिवसेना-भाजप यांचे एरवी कशावर एकमत होत नाही. त्यांना एकत्र आणण्याचे पुण्य आपल्या खात्यावर आहे.

मे १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला आणि आपले खरे रूप महाराष्ट्राने पाहिले. वीज महाग म्हणून मंडळ ती कमी घेई. कमी घेतली तरी आपला आकडा तेवढाच, म्हणून घेतलेल्या प्रत्येक युनिटवर आपला भार वाढे. युनिट आणखी महाग होई, म्हणून मंडळ आणखी कमी घेई. त्यात प्रकल्पाचे इंधन असलेला नाफ्था महागला, रुपया घसरला. २००० सालच्या उत्तरार्धात दाभोळच्या एका युनिटचा हिशेब सात रुपयांच्या वर गेला. मंडळाच्या स्वतःच्या औष्णिक केंद्रांतली वीज त्याच्या कितीतरी खाली होती. जानेवारी २००१ मध्ये प्रकल्प ठरलेल्या तीन तासांत पूर्ण क्षमतेला पोहोचला नाही, म्हणून मंडळाने ४०१ कोटींचा दंड मागितला. प्रकल्पाच्या तपासणीसाठी राज्याने नेमलेल्या माधव गोडबोले समितीने एप्रिलमध्ये अहवाल देऊन कराराची चिरफाड केली. मे २००१ अखेर केंद्र बंद पडले. डिसेंबरमध्ये अमेरिकेत एन्रॉनच दिवाळखोरीत गेली.

इथे कोणालाही वाटेल की आपली कारकीर्द संपली. पण आपली चिकाटी थोर. त्यानंतरची काही वर्षे महाराष्ट्राने भारनियमनात काढली. खेड्यांत दहा-दहा, बारा-बारा तास अंधार असे. पिठाच्या गिरण्या बंद, झेरॉक्सवाले बंद, दहावीची पोरे कंदिलाशी. उसाला पाणी द्यायचे म्हणून माणसे मध्यरात्री बांधावर उभी. आणि त्याच काळात गुहागरच्या किनाऱ्यावर दोन हजार मेगावॉटची यंत्रे थंड पडली होती. ज्या काळात वीज नको होती तेव्हा आपण पैसे घेतले. हवी होती तेव्हा आपण तिथे नव्हता. एवढा मोठा सार्वजनिक अपमान या राज्याने क्वचितच सोसला असेल, आणि त्यासाठी एकाही सही करणाऱ्याला तुरुंग सोसावा लागला नाही.

२००५ मध्ये सरकारी कंपन्यांनी मिळून रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही नवी कंपनी केली, २००६ पासून संच पुन्हा फिरू लागले. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला गॅस मिळाला, मग आटला, आणि २०१३ च्या सुमारास केंद्र पुन्हा थंडावले. देशी गॅस नाही तर आयात गॅसवर आम्ही तयार आहोत, असे केंद्राने कळवले. एवढी महाग वीज आम्हाला नको, असे घरोघरी वीज पोचवणाऱ्या महावितरणने म्हटले. तयारी कळवली ना, मग क्षमता आकार द्या, यावर भांडण लागले. केंद्रीय आयोगाने वीजकेंद्राच्या बाजूने निकाल दिला, अपील न्यायाधिकरणाने तो उचलून धरला आणि ९ नोव्हेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महावितरणचे अपील फेटाळले. न्यायालयाने करार वाचला आणि त्यात लिहिले होते ते सांगितले. न्यायालयाबद्दल आमची तक्रार नाही. सामंजस्य करारावर सही झाली तेव्हा जन्मलेले मूल त्या निकालाच्या दिवशी एकतीस वर्षांचे होते. आपण पाठ सोडत नाही, साहेब, याला आम्ही साक्षी आहोत.

आपल्या वाटचालीत सुधारणांचाही वाटा आहे, त्याबद्दल दिल्ली-मुंबईचे आभार मानायला हवेत. २००३ चा वीज कायदा आला. त्याप्रमाणे ६ जून २००५ रोजी राज्य वीज मंडळाचे तुकडे झाले. महानिर्मिती वीज करणार, महापारेषण वाहून नेणार, महावितरण घरोघरी पोचवणार आणि वर सूत्रधारी कंपनी. प्रत्येकाचा हिशेब वेगळा असेल, म्हणजे तोटा कोणाचा ते कळेल, असे सांगितले गेले. कळले, नाही असे नाही. पण कळून झाले काय? वीज करणारा आपल्याला पोचवणाऱ्याकडे धाडतो. पोचवणारा आपल्याला याचिकेत घालून आयोगाकडे नेतो. आयोग तपासून थोडी काटछाट करतो आणि उरलेला ग्राहकाकडे पाठवतो. तिन्ही दारांत आपल्याला कोणी अडवत नाही, कारण तिन्ही दारांतल्या कोणाच्याच खिशाला आपण हात लावत नाही. आणि बिलातली ‘स्थिर आकार’ ही ओळ म्हणजे आपले पूर्ण रूप नव्हेच. आपला मोठा हिस्सा खालच्या ‘वीज आकारा’त, युनिटच्या दरात मिसळून येतो. वर विनम्र सव्वाशे रुपये आणि खाली मुखवटा घालून बाकीचे.

दाभोळनंतर तरी ऑर्डर बेताने दिली गेली का? नाही. भारनियमनाच्या धसक्याने २००६ नंतर जो तो केंद्रे उभारायला धावला. देशातली औष्णिक केंद्रे २००७-०८ मध्ये सरासरी ७८ टक्क्यांहून अधिक क्षमतेने चालत होती. २०१६-१७ मध्ये हे प्रमाण ६० टक्क्यांवर आले आणि २०१९-२० मध्ये ५६ वर. मार्च २०१८ मध्ये संसदेच्या ऊर्जाविषयक स्थायी समितीने अडचणीतल्या ३४ औष्णिक प्रकल्पांची दखल घेतली. त्यांची क्षमता मिळून ४० हजार मेगावॉटच्या वर होती. गॅसवरची कित्येक केंद्रे तर गॅसची वाट पाहत बसली. आमच्या सिन्नर तालुक्यात गुळवंच-मुसळगावच्या परिसरात २७० मेगावॉटचे पाच संच उभे राहिले. वीज विकत घेणारा करार नाही, कोळसा आणणारी रेल्वे धड पोचलेली नाही. वर्षानुवर्षे धुराडी नुसती उभी, आणि कंपनी शेवटी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत. तिथे आपण ग्राहकाच्या बिलात आला नाहीत, हे कबूल. कर्ज देणाऱ्या सरकारी वित्तसंस्थांच्या वह्यांत जाऊन बसलात. तो पैसाही आकाशातून पडलेला नव्हता.

परळीबद्दल तर आपले विशेष अभिनंदन. मराठवाड्यातले ते सर्वांत मोठे वीजकेंद्र. २०१३ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून ते पूर्ण बंद ठेवावे लागले आणि २०१५ मध्ये पुन्हा तीच वेळ आली. पाणी कुठे आहे आणि कुठे नाही हे गावातल्या कोणत्याही गुराख्याला ठाऊक असते. संच वाढवत नेणाऱ्यांना तेवढे विचारायची सवड झाली नाही. केंद्र बंद पडले की आधी कंत्राटी मजुराची हजेरी थांबते, मग त्याच्या जिवावर चालणारी चहाची टपरी आणि खानावळ. कर्जाचा हप्ता मात्र एक दिवसही थांबत नाही.

एवढी ताटे वाढून ठेवल्यावर निदान कोणी उपाशी राहू नये, अशी आमची भाबडी अपेक्षा होती. ऑक्टोबर २०२१ मध्ये आणि एप्रिल २०२२ मध्ये देशात कोळशाची टंचाई झाली. संच उभे, करार उभे, आपण बिलात उभे, आणि कोळसा नाही. महाराष्ट्रात पुन्हा भारनियमनाची घोषणा झाली. वीजबाजारात युनिटची किंमत इतकी चढली की एप्रिल २०२२ मध्ये आयोगाला वीस रुपयांची कमाल मर्यादा बारा रुपयांवर आणावी लागली. मे महिन्यात केंद्र सरकारने वीज कायद्याचे कलम ११ वापरून आयात कोळशावरची केंद्रे चालवण्याचे आदेश दिले. म्हणजे आम्ही क्षमतेचे पैसे आधी भरले, आणि टंचाईत वीज पुन्हा बाजारातून चढ्या भावाने घेतली. एका वस्तूची दोनदा किंमत मोजण्याची संधी आपण दिलीत. असा मान सर्वांच्या वाट्याला येत नाही.

आपले चाहते म्हणतील, आता दिवस पालटले. ३० मे २०२४ रोजी देशाची मागणी अडीच लाख मेगावॉटवर गेली, जुनी केंद्रे पुन्हा जोमाने चालू लागली, २०२३-२४ मध्ये औष्णिक वापर ६९ टक्क्यांच्या घरात आला. आनंदच आहे. पण तेव्हा देशाची स्थापित क्षमता चार लाख चाळीस हजार मेगावॉटच्या पुढे होती. त्यात सौर आणि वाऱ्याचा मोठा हिस्सा आहे, रात्री सूर्य नसतो आणि वारा लहरी असतो, हेही जाणतो. इथून पुढे प्रश्न वीज किती यापेक्षा वीज कोणत्या वेळी, हा आहे. आणि साहेब, त्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आमच्या शेतकऱ्याच्या बांधावर आहे.

गेली कित्येक वर्षे शेतीपंपाला पाळीने वीज मिळते, दिवसा आठ तास नाहीतर रात्री दहा तास. रात्रीची पाळी आली की माणूस थंडीत बॅटरी घेऊन बांधावर जातो. जुन्नरच्या बाजूला बिबट्याची भीती, बाकी महाराष्ट्रभर सापाची. त्या माणसाला रात्री का उठवायचे? कारण रात्री कोळशाचे संच रिकामे असत आणि तो रिकामा वेळ भरायला पंप सोयीचे. इतकी वर्षे आपला रिकामपणा शेतकऱ्याच्या झोपेने भरून काढला गेला. त्याबद्दल आपण त्याला कधी दोन शब्द लिहिलेत का?

आता दुपारी सूर्याची वीज भरपूर होऊ लागली आहे. कोळशाचा संच मात्र पंख्यासारखा बटण दाबून बंद करता येत नाही. नियमांत त्याची किमान पातळी ५५ टक्के धरलेली आहे, ती ४० वर आणण्याचे काम चालू आहे. दुपारी त्याला कमी करता येते, थांबवता येत नाही, कारण संध्याकाळी सात वाजता तोच लागतो. अशा वेळी शेतीपंप दुपारच्या सूर्यावर चालवणे हा शहाणपणा आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचे लक्ष्य १६ हजार मेगावॉटपर्यंत नेले गेले, ते मनापासून चांगले काम आहे. शेतकरी दिवसा पाणी देईल, रात्री झोपेल. या एका गोष्टीसाठी सरकारचे अभिनंदन करताना माझ्या मनात कोणताही छुपा अर्थ नाही. हे काम रखडले, पैसे अडले, गावातले राजकारण आडवे आले, तर नुकसान फार मोठे होईल.

आणि म्हणूनच पुढचे वाचताना काळीज धडधडते. सप्टेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्राने अदानी समूहाकडून ६६०० मेगावॉट वीज पंचवीस वर्षे घ्यायचे ठरवले. ५००० सौर, बाकी कोळशाची, युनिटला ४ रुपये ८ पैसे. दर आजच्या मानाने चांगला आहे, स्पर्धेतून आला आहे, दाभोळसारखा बंद खोलीत ठरलेला नाही. हे सगळे मान्य. पण कोळशाच्या केंद्राशी पंचवीस वर्षांचा करार म्हटला की आपण आलातच. त्या पंचवीस वर्षांत बॅटऱ्या स्वस्त होतील, घरांच्या छपरांवर सौर पत्रे चढतील, कारखाने मुक्त प्रवेशाने थेट बाहेरून वीज घेतील. जे जाऊ शकतात ते जातील. त्यांच्याकडून अतिरिक्त अधिभार घेण्याची सोय कायद्यात आहे, पण तो सगळा भार थोडाच भरून काढणार! मागे उरतील ते भाड्याच्या खोलीतले, ज्यांना छप्पर नाही ते, आणि ती वीस युनिटवाली म्हातारी. पंगतीतून श्रीमंत उठून गेले की त्यांच्या पानांचे पैसे हिच्याकडून.

आमच्या नम्र विनंत्या फार नाहीत. नवा करार करण्याआधी आधीच्या करारांतली किती क्षमता वर्षभर पडून राहिली आणि तिच्यासाठी किती पैसे मोजले, ते केंद्राच्या नावासकट एका पानावर, मराठीत, बिलासोबत छापा. ही माहिती आज दरवाढीच्या शेकडो पानांच्या याचिकेत तक्त्यांच्या पोटात असते. तिथवर जायला सामान्य माणसाला वकील आणि अभियंता दोन्ही लागतात. मागणीचा अंदाज ज्यांनी बांधला त्यांची नावे त्या अंदाजाखाली असू द्या. अंदाज दुपटीने चुकला तर कोणत्या पदावर बसून चुकला, हे वीस वर्षांनीही वाचता आले पाहिजे. करार करणाऱ्या कंपनीच्या परताव्यातून पडून राहिलेल्या क्षमतेचा काही वाटा कापला गेला पाहिजे, सगळा ग्राहकाच्या माथी नको. यातले काहीही आपल्या मूळ कामाच्या आड येत नाही. आपण पहारेकरी म्हणून परत या, आम्ही पगार देऊ.

हे सगळे आपल्याला सांगून उपयोग नाही, हे मला ठाऊक आहे. आपण एक ओळ आहात. ही ओळ लिहिणारे हात वेगळे आहेत आणि ते हात आपल्यामागे उभे राहतात, म्हणून पत्र आपल्या पत्त्यावर.

म्हणून, हे पत्र वाचणाऱ्या ग्राहकांनो, आता तुमच्याशी बोलतो. महावितरणची दरनिश्चितीची याचिका आली की राज्य वीज नियामक आयोग जाहीर सूचना काढतो, हरकती मागवतो, जनसुनावणी घेतो. ‘प्रयास’ आणि मुंबई ग्राहक पंचायत यांच्यासारख्या संस्था वर्षानुवर्षे तिथे भांडत आल्या आहेत. समोरच्या खुर्च्या मात्र बहुतेक रिकाम्या असतात. हरकत नोंदवायला वकील लागत नाही, साधे पत्र चालते आणि ते मराठीत असले तरी चालते. पुढच्या सुनावणीत एकच प्रश्न लेखी द्या: गेल्या वर्षी न घेतलेल्या विजेसाठी आमच्याकडून किती रुपये घेतले, आणि त्या करारांवर सही कोणाची होती? लेखी उत्तर मिळेपर्यंत तो प्रश्न दर सुनावणीत विचारत राहा.

कळावे,
आपला नियमित देणेकरी,
एक वीजग्राहक